सिरियल कन्सोलसाठी कमांड-लाइन टर्मिनल प्रोग्राम: आधी पोर्ट पारखा, मग प्रोग्राम निवडा

सिरियल कन्सोल म्हणजे तीन वायरींवरून बोर्डाशी किंवा राउटरशी मजकुरात बोलण्याची सोय. बोर्ड जोडला, प्रोग्राम उघडला आणि पडदा काळाच राहिला, की बहुतेक जण लगेच दुसरा प्रोग्राम इन्स्टॉल करतात. मग तिसरा. प्रत्येकात थोड्या सेटिंग्ज बदलल्या जातात आणि तासाभराने दोष वायरीत आहे, परवानगीत आहे की प्रोग्राममध्ये, हे सांगता येईनासे होते. म्हणून या लेखात क्रम ठरवून दिला आहे. तो मोडू नका, कारण पुढचा प्रत्येक टप्पा मागचा टप्पा पक्का आहे असे गृहीत धरून लिहिला आहे.

प्रोग्रामची निवड किती सोयी आहेत यावर करू नये. पोर्ट उघडताना आणि बंद करताना तो न सांगता काय करतो, हे पाहून करावी. सिरियलवरचे निम्मे गोंधळ तिथेच जन्मतात.

लेख मुख्यतः लिनक्ससाठी आहे. मॅक आणि विंडोजपुरते वेगळे काही असेल तिथे तसे सांगितले आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मोठे अक्षर लागते तिथे तसा उल्लेख आहे.

## टप्पा १: काम नेमके काय आहे ते लिहून काढा

पाच गोष्टी कागदावर हव्यात.

१. वेग, म्हणजे बॉड रेट. नेटवर्क स्विच आणि राउटरचे जुने-नवे बरेच कन्सोल ९६०० वर असतात, सिस्को त्यातलेच. रास्पबेरी पायचा लिनक्स कन्सोल आणि ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स प्रणाली) चालणारे बहुतेक राउटर ११५२०० वर. रॉकचिपच्या चिपवरचे बरेच बोर्ड १५००००० वर बोलतात. ईएसपी८२६६ सुरू होताना त्याचा बूट रॉम ७४८८० या विचित्र वेगावर मजकूर पाठवतो. आर्डुइनोत तुमच्या स्केचमध्ये, म्हणजे प्रोग्राममध्ये, जो आकडा लिहिला असेल तोच.

२. बोर्डाची रीसेट लाइन डीटीआर किंवा आरटीएसला (पोर्टच्या इशाऱ्यांच्या लाइनी) जोडलेली आहे का? आर्डुइनो ऊनो आणि ईएसपी३२ चे डेव्हलपमेंट बोर्ड यात येतात.

३. केबल पुन्हा पुन्हा निघणार-लागणार आहे का?

४. फाइल पाठवायची आहे का, आणि असेल तर एक्समोडेमने की वायमोडेमने (सिरियलवरून फाइल पाठवण्याच्या दोन पद्धती)?

५. तुम्ही बोर्डासमोर बसला आहात की एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, दुसऱ्या यंत्रावर जाऊन तिथला पोर्ट उघडणार आहात?

डेटाची मांडणी जवळजवळ नेहमी ८एन१ असते: आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. माहितीपत्रक वेगळे सांगत नसेल तर तीच धरा.

## टप्पा २: व्होल्टेज, वायर आणि अडॅप्टर

अडॅप्टर म्हणजे संगणकाची यूएसबी आणि बोर्डाच्या सिरियल पिना यांना जोडणारा दुवा. बोर्डावरच्या पिनांवर बहुधा ३.३ व्होल्टची लॉजिक असते. डीबी९ कनेक्टर असलेल्या आरएस-२३२ पोर्टवर उणे आणि अधिक दोन्ही बाजूंना १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. दोन्हींना लोक "सिरियल"च म्हणतात, आणि तिथेच चिप जळतात.

सावधान: आरएस-२३२ चा अडॅप्टर रास्पबेरी पायच्या किंवा राउटरच्या पिनांना थेट लावू नका. अडॅप्टरवर ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट असा जंपर असेल तर तो ३.३ वर आहे याची खात्री केल्याशिवाय एकही वायर जोडू नका.

वायरी तीनच जोडायच्या. ग्राउंडला ग्राउंड, अडॅप्टरचा टीएक्स (पाठवणारी पिन) बोर्डाच्या आरएक्सला (घेणारी पिन) आणि अडॅप्टरचा आरएक्स बोर्डाच्या टीएक्सला. चौथी, म्हणजे व्हीसीसीची (वीजपुरवठ्याची) वायर मोकळी ठेवा, कारण बोर्डाला त्याचा स्वतःचा पुरवठा आहे. चाळीस पिनांच्या रास्पबेरी पायवर पिन ६ ग्राउंड, पिन ८ टीएक्स आणि पिन १० आरएक्स. ग्राउंड विसरला तरी कधी कधी काही अक्षरे दिसतात, आणि म्हणूनच ती चूक लवकर सापडत नाही.

अडॅप्टरमधली चिप कोणती, याला वेगामुळे महत्त्व आहे. सीपी२१०२ ची मजल सुमारे १० लाख बॉडपर्यंत, म्हणजे रॉकचिपच्या १५००००० साठी ती चालणार नाही, मग प्रोग्राम कुठलाही घ्या. सीएच३४० वीस लाखांपर्यंत जाते, एफटी२३२आर तीस लाखांपर्यंत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त अडॅप्टरांत सीएच३४० सर्रास असते, आणि बहुतेक कामांना ती पुरते. घेताना चिपचे नाव आणि ३.३ व्होल्टची सोय, एवढे दोन प्रश्न दुकानदाराला विचाराच.

## टप्पा ३: पोर्टचे नाव, परवानगी आणि आगंतुक

अडॅप्टर लावण्यापूर्वी एका खिडकीत ही आज्ञा चालू ठेवा:

सुडो डीमेसेज -डब्ल्यू

मग अडॅप्टर लावा. शेवटच्या ओळींत नाव दिसेल. एफटीडीआय, सीपी२१०२, सीएच३४० आणि पीएल२३०३ च्या अडॅप्टरांना टीटीवाययूएसबी० असे नाव मिळते. आर्डुइनो ऊनोसारख्या, स्वतःला यूएसबी मोडेम म्हणवणाऱ्या बोर्डांना टीटीवायएसीएम०. मदरबोर्डवरच्या जुन्या पोर्टला टीटीवायएस०. या नावांत टीटीवाय छोट्या अक्षरांत, पण पुढची यूएसबी, एसीएम आणि एस ही अक्षरे मोठी.

शेवटचा आकडा लावण्याच्या क्रमावर ठरतो, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवू नका. दोन अडॅप्टर असतील तर /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी/ या फोल्डरमधले लांब नाव वापरा. ते अडॅप्टरच्या अनुक्रमांकावर बेतलेले असते. सीएच३४० च्या बहुतेक अडॅप्टरांना अनुक्रमांकच नसतो, त्यामुळे तसे दोन सारखे अडॅप्टर असले की बाय-आयडी निरुपयोगी. तेव्हा शेजारचे बाय-पाथ हे फोल्डर पाहा. त्यातले नाव यूएसबीच्या खाचेवर ठरते.

परवानगी: डेबियन, उबुंटू आणि फेडोरात पोर्ट डायलआउट या गटाचा असतो, आर्च लिनक्सवर यूयूसीपी गटाचा. स्वतःला गटात घाला:

सुडो यूझरमॉड -एजी डायलआउट तुमचेनाव

इथे ए छोटा आणि जी मोठा. ए गाळला तर तुम्ही बाकीच्या सगळ्या जादा गटांतून बाहेर फेकले जाता, सुडोचा गटही त्यात गेला. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. नुसती टर्मिनलची नवी खिडकी उघडून भागत नाही.

सावधान: "परवानगी नाही" असे आले म्हणून प्रोग्राम दर वेळी सुडोने चालवायची सवय लावू नका. लॉग फाइल आणि सेटिंग्ज रूटच्या नावाने साठतात, आणि पुढच्या वेळी सुडोशिवाय उघडले की "माझी सेटिंग्ज गेली कुठे" हा नवा शोध सुरू होतो.

आता आगंतुक. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चा अडॅप्टर लावला की क्षणभर टीटीवाययूएसबी० दिसते आणि नाहीसे होते. बीआरएलटीटीवाय ही ब्रेल उपकरणांसाठीची सेवा त्याला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेते. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका. दुसरा मोडेममॅनेजर. तो टीटीवायएसीएम० ला मोडेम समजून त्यावर एटीच्या आज्ञा पाठवून पाहतो. बोर्ड लावल्यावर पहिले काही सेकंद पोर्ट "व्यग्र" असेल किंवा बोर्डाला न पाठवलेली अक्षरे मिळत असतील तर संशय त्याच्यावर घ्या. इंटरनेटचा यूएसबी डोंगल वापरत नसाल तर ती सेवा बंद ठेवायला हरकत नाही.

तपासणी: पोर्ट कोणाच्या हातात आहे ते असे पाहा.

सुडो फ्यूझर -व्ही /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

उत्तर रिकामे यायला हवे. एखादा प्रोसेस क्रमांक दिसला तर आधी तो प्रोग्राम बंद करा, मग पुढे जा.

## टप्पा ४: लूपबॅक चाचणी

हा टप्पा वगळणारेच सर्वाधिक वेळ घालवतात. बोर्ड सोडवा. अडॅप्टरचा टीएक्स आणि आरएक्स एका जंपर वायरने एकमेकांना जोडा. मग पिकोकॉम हा छोटा टर्मिनल प्रोग्राम चालवा:

पिकोकॉम -बी ११५२०० /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

टाइप केलेले प्रत्येक अक्षर पडद्यावर एकदा दिसले पाहिजे. वायर काढली की दिसणे थांबले पाहिजे. दोन्ही झाले तर अडॅप्टर, ड्रायव्हर, परवानगी आणि प्रोग्राम, चारही ठीक. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग कंट्रोल-एक्स.

ही चाचणी पिकोकॉमनेच करावी, कारण त्यात फ्लो कंट्रोल (समोरचा तयार नसेल तर पाठवणे थांबवण्याची सोय) मुळात बंद असतो आणि आपलेच अक्षर आपल्याला दाखवणारा लोकल एकोही बंद असतो. मिनिकॉमने हीच चाचणी केली तर त्याचा हार्डवेअर फ्लो कंट्रोल बहुधा चालू असतो. तो सीटीएस लाइनवर इशाऱ्याची वाट पाहत बसतो, अक्षर बाहेरच जात नाही, आणि चांगला अडॅप्टर खराब ठरतो.

लूपबॅकने दोन गोष्टी कळत नाहीत: वेग बोर्डाशी जुळतो का, आणि टीएक्स-आरएक्स उलटे जोडले आहेत का. पाठवणारा आणि घेणारा एकच असल्याने चुकीच्या वेगावरही ही चाचणी पास होते.

## टप्पा ५: कामाप्रमाणे प्रोग्राम

आधी एक भेद समजून घ्या, निवड सोपी होते. पिकोकॉम, टिओ आणि सीयू पोर्टवरून आलेली बाइट जशीच्या तशी तुमच्या टर्मिनलकडे देतात. रंग, कर्सर, मागे स्क्रोल करणे हे सगळे तुमचे नेहमीचे टर्मिनल सांभाळते. मिनिकॉम आणि स्क्रीन स्वतःच मधे टर्मिनल बनून बसतात, त्यामुळे खिडकीच्या पट्टीने मागे स्क्रोल करता येत नाही. लांबलचक बूट लॉग वाचायचा असेल तर हा फरक रोज जाणवतो.

### टिओ: बोर्डावर रोज काम करणाऱ्यांसाठी

केबल निघाली तरी टिओ बंद होत नाही. पोर्ट परत दिसताच तो आपोआप जोडला जातो. पोर्ट अजून अस्तित्वातच नसेल तरी वाट पाहतो. आर्डुइनो, ईएसपी३२ अशा, यूएसबी चिप बोर्डावरच असलेल्या उपकरणांसाठी हे फार मोलाचे आहे, कारण त्यांचा पोर्ट बोर्डाला वीज मिळाल्यावरच जन्मतो आणि दुसरा प्रोग्राम उघडेपर्यंत पहिल्या ओळी निघून जातात.

टिओ --बॉडरेट ११५२०० --टाइमस्टॅम्प --लॉग /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

वेग दिला नाही तर तो ११५२०० धरतो. ७४८८० सारखे बिगरमानक वेगही घेतो. बाहेर पडायला कंट्रोल-टी, मग क्यू. मदतीला कंट्रोल-टी, मग प्रश्नचिन्ह.

सावधान: टिओच्या पर्यायांची पूर्ण नावे वापरा. आवृत्ती २ मध्ये छोटा एल म्हणजे लॉग आणि मोठा एल म्हणजे पोर्टची यादी होती. आवृत्ती ३ मध्ये दोघांची अदलाबदल झाली. जुन्या लेखातून उचललेली एकअक्षरी आज्ञा नव्या यंत्रावर भलतेच करते.

### पिकोकॉम: कधीतरी कन्सोल लागतो त्यांच्यासाठी

लहान, सेटिंग्जची फाइल नाही, मागच्या वेळचे काही लक्षात ठेवत नाही. दोष शोधताना हाच सर्वांत मोठा गुण, कारण आज्ञेच्या ओळीत जे लिहिले तेच लागू. उघडताना वेग, पॅरिटी, फ्लो कंट्रोल यांची पूर्ण यादी छापतो, ती वाचत जा. वेग दिला नाही तर ९६०० धरतो, हे विसरून ११५२०० च्या बोर्डावर कचरा दिसला म्हणून घाबरणारे बरेच. चालू असतानाच कंट्रोल-ए, कंट्रोल-यू ने वेग वाढवता येतो आणि कंट्रोल-ए, कंट्रोल-डी ने कमी करता येतो. अनोळखी बोर्डाचा वेग शोधायला याहून सोपी रीत नाही.

कोणता घ्यावा हे ठरत नसेल तर पिकोकॉम घ्या.

### मिनिकॉम: फाइल पाठवणे आणि ठरलेली उपकरणे

मिनिकॉममध्ये मेनू आहे, प्रत्येक उपकरणाची सेटिंग्ज वेगळ्या नावाने साठवता येतात, फाइल पाठवणे मेनूतून होते. पण पहिल्यांदा उघडण्यापूर्वी हे कराच:

१. मिनिकॉम -एस चालवा.
२. सिरियल पोर्ट सेटअपमध्ये जा. ए दाबून पोर्टचे नाव द्या, ई दाबून वेग आणि ८एन१.
३. एफ दाबून हार्डवेअर फ्लो कंट्रोल "नो" करा. तीन वायरींच्या जोडणीत आरटीएस-सीटीएस नसतात, म्हणून तो चालू राहिला तर बोर्डाचा मजकूर दिसतो पण तुमचे एकही अक्षर जात नाही. मिनिकॉमबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ हेच.
४. डीएफएल नावाने साठवा, म्हणजे ती मूळ सेटिंग्ज ठरतात. किंवा राउटर असे वेगळे नाव द्या. मग पुढे मिनिकॉम राउटर एवढेच लिहावे लागते.

मिनिकॉम मोडेमच्या काळातला आहे. उघडताना तो एटी ने सुरू होणारी तयारीची ओळ पोर्टवर पाठवू शकतो. यू-बूट हा बोर्डाची प्रणाली सुरू करणारा बूटलोडर. त्याच्या उलट्या मोजणीत ती ओळ पोचली तर बोर्ड बूट व्हायचा थांबतो आणि कारण कळत नाही. म्हणून मिनिकॉम -ओ असा पर्याय देऊनच उघडा. या ओ ने ती ओळ पाठवली जात नाही. मदत कंट्रोल-ए, मग झेड; बाहेर पडणे कंट्रोल-ए, मग एक्स.

फाइल पाठवायला एलआरझेडएसझेड हे पॅकेज वेगळे इन्स्टॉल करावे लागते. यू-बूटमध्ये लोडवाय ही आज्ञा वायमोडेमची वाट पाहते, लोडएक्स एक्समोडेमची. दोन्ही बाजूंना एकच निवडा. आकाराचा अंदाजही आधी घ्या. ८एन१ मध्ये एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे ११५२०० वर सेकंदाला ११,५२० बाइट. १० एमबीच्या फाइलला निदान पंधरा मिनिटे. बोर्डाला इथरनेट असेल तर नेटवर्कवरून फाइल नेणारे टीएफटीपी बरे.

### स्क्रीन: दुसरे काहीच नसेल तेव्हा

मॅकवर आणि बऱ्याच सर्व्हरवर तो आधीपासून असतो, एवढेच त्याच्या बाजूने. ओळ सोपी आहे:

स्क्रीन /डेव्ह/टीटीवाययूएसबी० ११५२००

खिडकी बंद केली तरी स्क्रीन मागे चालूच राहतो आणि पोर्ट धरून ठेवतो. कंट्रोल-ए, मग डी दाबूनही तेच होते. नीट बंद करायला कंट्रोल-ए, मग के, मग वाय. अडकलेला शोधायला स्क्रीन -एलएस, आणि परत जाऊन बंद करायला स्क्रीन -आर. ७४८८० सारख्या वेगासाठी स्क्रीन घेऊ नका.

मॅकवर पोर्टची दोन नावे दिसतात, टीटीवाय ने सुरू होणारे आणि सीयू ने सुरू होणारे. सीयूचेच वापरा. टीटीवायचे नाव कॅरियर इशाऱ्याची वाट पाहत अडकू शकते.

### बाकीचे

फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीवर सीयू हा प्रोग्राम प्रणालीबरोबरच येतो: सीयू -एल सीयूएयू० -एस ११५२००, यातल्या पोर्टच्या नावात दुसरा यू मोठा. ओपनडब्ल्यूआरटीच्या राउटरवरून दुसऱ्या उपकरणात शिरायचे असेल तर बिझीबॉक्सचा मायक्रोकॉम बघा. बाहेर पडायला त्यात कंट्रोल-एक्स.

विंडोजवर पायसिरियलचा मिनिटर्म सुटसुटीत आहे. पायथन -एम सिरियल.टूल्स.मिनिटर्म, पुढे पोर्ट आणि वेग. बाहेर पडायला कंट्रोल आणि बंद चौकटी कंस. तो एंटरला सीआर (ओळीच्या सुरुवातीला जा) आणि एलएफ (पुढच्या ओळीवर जा) अशी दोन अक्षरे पाठवतो. लिनक्स कन्सोलवर प्रॉम्प्ट दोनदा येऊ लागला तर --ईओएल सीआर द्या. डब्ल्यूएसएल२ मध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये, यूएसबी अडॅप्टर आपोआप पोचत नाही, त्यासाठी यूएसबीआयपीडी लागतो. एवढ्यासाठी तो खटाटोप करण्यापेक्षा विंडोजमध्येच मिनिटर्म चालवा.

## टप्पा ६: पहिली जोडणी, याच क्रमाने

१. बोर्डाची वीज बंद. तीन वायरी जोडा.
२. प्रोग्राम उघडा, लॉग चालू करा.
३. मग बोर्डाला वीज द्या.
४. मजकूर थांबल्यावर एकदा एंटर दाबा.

बोर्ड आधी चालू करून नंतर प्रोग्राम उघडला तर बूटलोडरच्या ओळी आणि यू-बूट थांबवण्याचे दोन-तीन सेकंद हातचे जातात. मग काळा पडदा दिसतो, आणि तो दोष नसतोच. बूट झालेला बोर्ड गप्प असतो, एंटर दाबल्यावर बोलतो.

आता लक्षणांवरून निदान:

काहीच नाही, एंटरलाही उत्तर नाही. टीएक्स आणि आरएक्सची अदलाबदल करून पाहा. टप्पा ४ पास झाला असेल तर प्रोग्रामला हात लावू नका. रास्पबेरी पाय असेल तर कन्फिग फाइलमध्ये इनेबल_यूएआरटी=१ आहे का ते पाहा.

कचरा, पण हालचाल आहे. वेग चुकीचा. ११५२००, ९६००, ५७६००, ३८४००, १५००००० या क्रमाने जा. ईएसपी८२६६ मध्ये सुरुवातीला कचरा आणि नंतर स्वच्छ मजकूर येणे साहजिक आहे, कारण ती ७४८८० ची ओळ आहे. वेग बरोबर असूनही मधूनमधून कचरा येत असेल तर ग्राउंड तपासा.

मजकूर दिसतो, टाइप होत नाही. हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा. तो बंद असेल तर अडॅप्टरच्या टीएक्सची वायर निसटली आहे.

प्रत्येक अक्षर दोनदा. लोकल एको चालू आहे. पिकोकॉममध्ये कंट्रोल-ए, कंट्रोल-सी. मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए, ई.

अधूनमधून अक्षरे गळतात, शब्द अर्धे येतात. एकाच पोर्टवर दोन वाचक आहेत. आलेले अक्षर ज्याने आधी वाचले त्याचे. पिकोकॉम, मिनिकॉम, टिओ पोर्टला कुलूप लावतात, पण मागे चालू राहिलेली कॅट आज्ञा ते जुमानत नाही. रास्पबेरी पायवरून दुसऱ्या उपकरणाशी बोलत असाल तर पायचा स्वतःचा लॉगइन कन्सोलही त्याच पोर्टवर बसलेला असतो. रास्पी-कन्फिगमध्ये सिरियल पोर्टच्या पानावर लॉगइन शेलला "नो" आणि हार्डवेअरला "येस" म्हणा.

ओळी पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकतात. बोर्ड नुसता एलएफ पाठवतो आहे. पिकोकॉमला --आयमॅप एलएफसीआरएलएफ द्या. मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए, यू.

एटी आज्ञांना उत्तर नाही, बाकी सारे ठीक. उपकरणाला सीआर आणि एलएफ दोन्ही हवे आहेत. पिकोकॉमला --ओमॅप सीआरसीआरएलएफ द्या.

लांब आज्ञा टाइप करताना ओळ स्वतःवरच चढते. सिरियलवरून खिडकीचा आकार पलीकडे कळत नाही, तो ८० बाय २४ धरतो. बोर्डावर एसटीटीवाय रोझ ४० कॉल्स १२० अशी आज्ञा द्या (रोझ म्हणजे ओळी, कॉल्स म्हणजे स्तंभ), आकडे तुमच्या खिडकीचे.

## टप्पा ७: मोठा मजकूर पेस्ट करताना

राउटरची दोनशे ओळींची सेटिंग्ज एकदम पेस्ट केली की मधल्या ओळी अर्धवट पोचतात. फ्लो कंट्रोल नाही, पलीकडचा बफर छोटा, आणि उपकरण एक ओळ पचवत असताना पुढची अक्षरे येत राहतात. वेग कमी केल्याने हे पूर्ण सुटत नाही. ओळींमध्ये उसंत द्यावी लागते. मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए, टी दाबून ओळीनंतरचा आणि अक्षरानंतरचा विलंब मिलिसेकंदांत देता येतो. टिओला --आउटपुट-लाइन-डिले द्या. ओळीमागे १०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा, गळती दिसली तर वाढवा.

तपासणी: पेस्ट झाल्यावर उपकरणाकडून सेटिंग्ज परत छापून घ्या आणि मूळ फाइलशी डिफ या आज्ञेने ताडा. डोळ्यांनी ताडणे पुरेसे नाही. गळलेले एक अक्षर आयपी पत्त्यातलेही असू शकते.

## टप्पा ८: रीसेट, ब्रेक आणि बाहेर पडणे

पोर्ट उघडताच लिनक्सचा कर्नल डीटीआर आणि आरटीएस चालू करतो. प्रोग्राम नंतर काहीही म्हणो, आर्डुइनो ऊनो तेवढ्यात रीसेट झालेला असतो. मोजमाप मधेच तुटू द्यायचे नसेल तर पिकोकॉम --नोरीसेट देऊन वापरा. बाहेर पडताना तो डीटीआरला हात लावत नाही, म्हणून पुढच्या वेळी उघडताना बदल घडत नाही आणि बोर्ड चालू राहतो. पहिल्यांदा उघडताना मात्र रीसेट होणारच. तोही नको असेल तर ऊनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावतात, धन टोक रीसेटकडे. नवे स्केच चढवताना तो काढायला हवा, नाहीतर अपलोड होत नाही.

ईएसपी३२ मध्ये याच दोन लाइनी मिळून रीसेट आणि डाउनलोड मोड ठरवतात. बोर्ड उघडताच गप्प झाला किंवा "डाउनलोडची वाट पाहतो" असे छापू लागला तर पिकोकॉमला --लोअर-डीटीआर आणि --लोअर-आरटीएस दोन्ही द्या. एकच दिला तर बोर्ड रीसेटमध्येच अडकून राहू शकतो.

सिस्कोचा पासवर्ड विसरला असेल किंवा गोठलेल्या लिनक्सला सिसआरक्यू (कर्नलला थेट दिलेली आज्ञा) पाठवायचा असेल तर ब्रेक, म्हणजे लाइन क्षणभर धरून दिलेला खास इशारा, लागतो. पिकोकॉममध्ये कंट्रोल-ए, कंट्रोल-उलटी तिरकी रेघ. मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए, एफ. टिओत कंट्रोल-टी, बी. स्क्रीनमध्ये कंट्रोल-ए, बी. सीयूत टिल्डे आणि हॅश. गरज पडेल तेव्हा शोधत बसू नका. सिस्कोत वीज दिल्यापासून पहिल्या मिनिटातच ब्रेक पोचावा लागतो, आणि सिसआरक्यूचे अक्षर ब्रेकनंतर पाच सेकंदांच्या आत.

एसएसएचमधून सीयू चालवत असाल तर एक धोका. सीयूमधून बाहेर पडायची खूण टिल्डे-पूर्णविराम, आणि एसएसएच तोडायचीही तीच. ती आधी एसएसएचला मिळते, सत्र तुटते. टिल्डे दोनदा दाबून मग पूर्णविराम द्या. तसेच स्क्रीनच्या आत पिकोकॉम किंवा मिनिकॉम चालवला तर कंट्रोल-ए बाहेरचा स्क्रीन गिळतो. पिकोकॉमची खूण बदला, उदाहरणार्थ पिकोकॉम -ई डब्ल्यू म्हणजे कंट्रोल-डब्ल्यू, किंवा सरळ टिओ घ्या.

शेवटची तपासणी: प्रोग्राम बंद केल्यावर टप्पा ३ मधली फ्यूझरची आज्ञा पुन्हा चालवा. उत्तर रिकामे आले तरच केबल काढा, किंवा बोर्ड पुढच्या माणसाच्या हाती द्या.